खरजेसाठी एक तारीख द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

आदरणीय मंत्रिमहोदय,

पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका आश्रमशाळेत मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. एकोणीस वर्षं. आता निवृत्त होऊन घरी आहे, तरी आषाढ-श्रावणात रात्री जाग आली की तो आवाज अजून कानात येतो. बाहेर पावसाची झड, दालनात दीडशेवर मुली झोपलेल्या, आणि अंधारात चहूकडून नखांनी अंग खरवडल्याचा आवाज. खरजेची खाज रात्री वाढते. अंथरुणात ऊब आली की ती चढतच जाते. मोठ्या मुली उठून बसायच्या. लहान मुली झोपेतच रक्त निघेपर्यंत खाजवायच्या आणि सकाळी चादरीवरचे डाग पाहून घाबरायच्या. पहिल्या तासाला त्याच मुली बाकावर डोकं टेकून पेंगायच्या आणि गुरुजी मला विचारायचे, या रात्री झोपत नाहीत का?

हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहिते आहे, कारण मुलं आदिवासी विकास विभागाच्या ताब्यात असतात आणि औषधं आरोग्य विभागाच्या. मुलीचं अंग कुणी बघायचं, हे या दोन विभागांमध्ये कधी ठरलंच नाही.

मागणी आधीच सांगते. राज्यातल्या प्रत्येक आश्रमशाळेत आणि आदिवासी वसतिगृहात खरजेच्या उपचाराची वर्षातून दोनदा ठरलेली तारीख असावी. त्या संध्याकाळी सगळ्यांना औषध मिळावं, ज्यांना खाजतं त्यांना आणि ज्यांना अजून खाजत नाही त्यांनाही, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. शासकीय आणि अनुदानित मिळून अशा सुमारे हजार शाळा राज्यात आहेत.

‘ज्यांना अजून खाजत नाही त्यांनाही’ हे वाक्य वाचताना आपल्या अधिकाऱ्यांचा हात थांबेल. माझाही बारा-तेरा वर्षं थांबत होता. म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

खरजेचा किडा इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ती कातडीच्या वरच्या थरात बीळ करून राहते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दोन महिने जगते. बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, काख, कंबर, बेंबीभोवती, या तिच्या आवडत्या जागा. साध्या खरजेत एका माणसाच्या सगळ्या अंगावर मिळून असे दहा-पंधराच किडे असतात. अंग फुटून आलेली मुलगी पाहिली की वाटतं, हजारो असतील. तसं नसतं. ती पुटकुळी आणि ती खाज म्हणजे किडा, त्याची अंडी आणि त्याची घाण यांच्याविरुद्ध शरीरानेच उठवलेली ओरड असते. आणि ती ओरड उठायला वेळ लागतो. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. त्या सगळ्या काळात मुलीच्या अंगावर किडा असतो, ती शेजारणीला तो देत असते, आणि तिला स्वतःला काहीच जाणवत नसतं.

आता याला शाळेच्या दिनदर्शिकेवर ठेवून पाहा. आमची शाळा जूनच्या मध्याला उघडते. सुट्टीत गावाकडून, वीटभट्टीवरून पाच-सहा मुली किडा घेऊन येतात. पावसाळ्याची थंडी, चादरी ओल्या, खाटा कमी, म्हणून एका खाटेवर दोघी-दोघी झोपतात. जून जातो, काही नाही. जुलैचा मध्य येतो, काही नाही. जुलै संपता संपता एकाच आठवड्यात निम्मं वसतिगृह खाजवायला लागतं. आम्हाला वाटायचं, काहीतरी साथ आली. साथ दीड महिन्यापूर्वीच आलेली असायची. मग गणपतीची सुट्टी लागायची आणि तीच साथ आम्ही एसटीत बसवून गावोगाव, घरोघर पोचवायचो.

आणि आम्ही उपचार कसा करायचो? ज्या मुली तक्रार घेऊन येत त्यांना आरोग्य केंद्रात न्यायचो. सात जणी नेल्या तर सात जणींपुरतं लोशन मिळायचं, कधी दोन बाटल्या सातांत. बेंझिल बेंझोएटचं ते पांढरं लोशन खरचटलेल्या कातडीवर लावलं की मुली आगीने थयथयाट करायच्या, त्यामुळे पुढच्या वेळी दुखणं लपवायच्या. त्या सात जणी बऱ्या व्हायच्या आणि त्याच रात्री ज्या मैत्रिणीला अजून खाज सुटलेली नाही तिच्या कुशीत झोपायच्या. पुन्हा लागण झाली की यावेळी शरीर ओळखतं, एक ते चार दिवसांत खाज सुरू. मग आम्ही म्हणायचो, औषध लागू पडत नाही. औषध लागू पडलेलं असायचं. आम्ही दालनभर पसरलेल्या आगीवर एकेका खाटेपुरतं पाणी टाकत होतो.

औषध लागू पडत नाही म्हटल्यावर दोष कुठे जातो, हे आपण जाणताच. मुलीवर. ‘अंघोळ करत नाहीत’, ‘कपडे धूत नाहीत’, ‘यांच्या घरीच असं असतं’. हे मी ऐकलंय, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः म्हटलंय. एका वर्षी मी खरूजवाल्या मुलींची अंथरुणं व्हरांड्यात घातली आणि जेवणाची पंगत वेगळी केली. पाऊस व्हरांड्यात उडत होता. त्या ओळीत बसलेल्या एका मुलीने ताटातला भात तसाच ठेवला होता, तो भात मला आजही दिसतो. खरूज साबणाने जात नाही. अंघोळ रोज केली तरी कातडीच्या आतला किडा आपल्या बिळात सुखरूप असतो. ज्या मुली पहाटे पाचला थंड पाण्याने अंग धूत होत्या, त्यांना मी अस्वच्छ म्हणत होते.

अशा शरमेचा पैशांवरही परिणाम होतो. अस्वच्छता हेच कारण मानलं की खर्च फिनाइलवर आणि फवारणीवर होतो. एकदा आमच्याकडे ढेकणांसाठी फवारणी करायला माणसं आली, तेव्हा वरून तोंडी निरोप होता की खरजेचंही काम यातच होऊन जाईल. खाटा, भिंती, खिडक्या सगळं फवारलं. किडा मुलींच्या अंगात होता, तो तसाच राहिला. घरात आणि अंगावर राहणारे हे जीव सगळे एका मापाने मोजून चालत नाहीत. ढेकूण रक्त पितो, झोप घालवतो, पण त्याने माणसामाणसांत रोग पसरवल्याचं सिद्ध झालेलं नाही. डोक्यातली ऊ छळते, पण कपड्यांत राहणारी अंगावरची ऊ टायफस पसरवते आणि तिने युद्धांच्या काळात माणसं मारली आहेत. उंदरावरची पिसू प्लेग देते. प्रत्येकाचं घर वेगळं, सवय वेगळी, म्हणून उपायही वेगळा. आमच्या भांडार नोंदवहीत मात्र सगळ्यांसमोर एकच औषध लिहिलेलं असायचं, ‘फवारणी’.

आपल्या राज्याने ही चूक फार मोठ्या प्रमाणावर एकदा सोसलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला, मुंबई-पुण्यात घरांत शिरून झडत्या झाल्या, सामान जाळलं, माणसं उचलून वेगळी ठेवली. प्लेग पिसू पसरवते हे तोवर सिद्ध झालेलं नव्हतं. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून पिसवांचा संबंध दाखवला, तोही लोकांना पटायला पुढे काही वर्षं लागली. रोग कसा चालतो ते न कळता सरकार घरात शिरलं की त्याचा सगळा जोर माणसांवर आणि त्यांच्या सामानावर निघतो. खरजेच्या बाबतीत आम्ही अजून १८९७ मध्येच आहोत असं मला कितीदा वाटलं आहे. फरक एवढाच की खरजेचा किडा आपल्याला सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. १६८७ साली जोव्हानी कोझिमो बोनोमो या इटालियन डॉक्टरने एका पत्रातच तो जगासमोर मांडला. गरीब बायका आपल्या खरूज झालेल्या मुलांच्या अंगातून टाचणीच्या टोकाने काहीतरी बारीक काढतात, हे त्याने पाहिलं आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. आमच्या वसतिगृहातही थोरल्या मुली धाकट्यांच्या बेचक्यांतले फोड सुईने फोडत बसायच्या. मी सुई काढून घ्यायचे, कारण त्यानंतर पू व्हायचा. पण त्या मुलींना जे कळत होतं की हे आतलं आहे, वरचं नाही, ते आमच्या आदेशांना कळत नव्हतं.

आता पुवाबद्दल. इथे जरा थांबून वाचावं, ही विनंती.

खाजवून कातडी फुटली की तिथे जंतू शिरतात, पिवळ्या खपल्यांचे फोड येतात. ते बहुधा स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस या जंतूंचे असतात. स्ट्रेप्टोकॉकसच्या काही जाती कातडीवर थांबत नाहीत. फोड येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी त्याच जंतूविरुद्ध पेटलेली शरीराची प्रतिक्रिया मूत्रपिंडांवर उलटू शकते. चौथीतली एक मुलगी होती. अंगाने बारीक, धावण्यात पहिली. तिचे हात-पाय फोडांनी भरलेले होते, मग फोड वाळले, मला वाटलं, सुटली. एका सकाळी ती रांगेत उभी होती आणि तिचे डोळे सुजून चिरा झाले होते. मी म्हटलं, रडलीस का गं? ती नाही म्हणाली. दुपारी तिच्या मैत्रिणीने सांगितलं की हिची लघवी काळ्या चहासारखी होते. मी घाबरले ती इतकी की जीपची वाट न पाहता मिळेल त्या गाडीने तिला तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. तिथून जिल्ह्याला. रक्तदाब वाढलेला, लघवीत रक्त. डॉक्टरांनी विचारलं, महिन्याभरात अंगावर फोड होते का? त्या प्रश्नापर्यंत मला खरूज आणि मूत्रपिंड यांचा काही संबंध असेल हे ठाऊकच नव्हतं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही प्रशिक्षणात ते कुणी सांगितलं नव्हतं.

ती मुलगी बरी झाली. बहुतेक मुलं यातून बरी होतात. पण तिला पोहोचायला उशीर झाला असता, गाडी मिळाली नसती, मैत्रिणीने सांगितलं नसतं, तर? तिची आई रुग्णालयात माझ्याकडे बघत नव्हती. शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाली, “बाई, खाजेनं एवढं होतं?”

त्यानंतर मी वाचायला लागले. जे समजलं ते इथे लिहिते आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या सैन्यात खरूज पसरली तेव्हा तिथेही सगळा भर घोंगड्या आणि कपडे वाफेने निर्जंतुक करण्यावर होता. केनेथ मेलन्बी या शास्त्रज्ञाने शेफील्डमध्ये स्वयंसेवकांवर प्रयोग केले. शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेली ती तरुण मुलं होती. खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या घोंगड्यांत आणि कपड्यांत त्यांना झोपवलं, तर फारच थोड्यांना लागण झाली. खरूज पसरते ती मुख्यतः अंगाला अंग लागून, तेही जरा वेळ. एका खाटेवर झोपून, लहान भावंडाला कडेवर घेऊन, हात धरून बसून. म्हणजे माया करायच्या ज्या ज्या रीती आहेत त्यांतून. म्हणून चादरी-कपडे उन्हात घालणं, गरम पाण्यात धुणं, जे धुता येत नाही ते तीन-चार दिवस पिशवीत बांधून ठेवणं हे सगळं करावंच, पण ते पूरक आहे. आमच्या डोंगरात श्रावणात ऊन असतं कुठे? ऊन नसलं तरी उपचार अडायला नको.

सगळ्यांना एकदम औषध देऊन काय होतं, हे फिजी देशातल्या बेटांवर तपासून पाहिलेलं आहे. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन बेट-समूह घेतले. पहिल्यात नेहमीचीच पद्धत, जो आजारी त्याला आणि त्याच्या संपर्कातल्यांना मलम. तिथे वर्षभराने खरजेचं प्रमाण शंभरात ३७ वरून १९ वर आलं. दुसऱ्यात सगळ्यांना परमेथ्रिनचं मलम, तिथे ४२ वरून १६. तिसऱ्यात सगळ्यांना आयव्हरमेक्टिनची गोळी, तिथे ३२ वरून दोनावर. पुवाचे फोडही त्या तिसऱ्या ठिकाणी दोन-तृतीयांशांनी घटले. मला तो तिसरा आकडा वाचून आनंद झाला, पण त्याहून पहिल्या आकड्यापाशी मी जास्त वेळ थांबले. वर्षभर नेमाने उपचार करूनही शंभरात १९ उरतात, तर आमचे दोन बाटल्या लोशनचे किती उरत असतील?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. जगात कुठल्याही वेळी वीस कोटींहून अधिक लोकांना ती असते, असं तीच संघटना सांगते. २०१९ मध्ये आयव्हरमेक्टिन खरजेवरचं औषध म्हणून अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत आलं.

आपल्याला हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. कारण यातला प्रत्येक तुकडा आपल्याकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये देशभरासाठी झाली ती आमच्याच पालघरमधून. त्या कार्यक्रमात तपासायच्या तीस आजारांच्या यादीत कातडीचे आजार आहेत आणि त्यात खरूज नावानिशी आहे. वर्षातून एकदा गाडी येते, पथक मुलं तपासतं, नोंद होते. पथकातले डॉक्टर मनापासून काम करताना मी पाहिले आहेत. पण त्यांच्या हाती त्या मुलीपुरती चिठ्ठी देणं एवढंच असतं. शेजारच्या खाटेला चिठ्ठी देता येत नाही. जंतनाशक दिन आपण २०१५ पासून पाळतो. त्या दिवशी कुणाच्या पोटात जंत आहेत हे तपासत बसत नाही, एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना अल्बेंडाझोलची गोळी देतो. मुलं रांगेत उभी राहतात, समोर गोळी चावून खातात, तासाभरात शाळा उरकते. खरजेला नेमकी हीच रीत हवी आहे. आणि आयव्हरमेक्टिन? ते तर २०१९ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत इतर दोन औषधांसोबत घरोघर दिलं गेलं. आपल्याच कर्मचाऱ्यांनी उंची मोजून, समोर गिळायला लावून. ज्या राज्याने एका जिल्ह्याला ते खाऊ घातलं त्याला दीडशे मुलींचं वसतिगृह जड नाही.

काळजीच्या गोष्टी आहेत, त्या लपवत नाही. आयव्हरमेक्टिन १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत. आमच्या पहिलीतल्या कितीतरी मुली १५ किलोच्या आसपासच घुटमळायच्या. म्हणजे त्या संध्याकाळी वजनकाटा हवाच, आणि लहानग्यांसाठी परमेथ्रिनचं मलम. मलम मानेपासून तळव्यापर्यंत, नखांच्या खाली, बेचक्यांत लावायचं आणि रात्रभर ठेवायचं. हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. गोळी अंड्यांवर चालत नाही, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा चुकवायची नाही. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते, हे मुलींना आधी सांगावं लागतं, नाहीतर त्या पुन्हा पुन्हा मलम मागतात आणि कातडी जाळून घेतात. स्वयंपाकीण, कामाठी, अधीक्षिका, रखवालदार, आवारात राहणाऱ्या शिक्षकांची मुलंबाळं, सगळ्यांनी त्याच संध्याकाळी औषध घ्यायचं. मोठी माणसं नको म्हणतात. त्यांना शरम वाटते. मी स्वतः सगळ्यांसमोर पहिली गोळी घेतली होती.

हो, घेतली होती. एक वर्ष असं आलं. आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर बंधपत्राच्या सेवेवर आले होते. मी त्यांच्याकडे नेहमीप्रमाणे नऊ मुली घेऊन गेले, तर त्यांनी विचारलं, एकूण किती? मी म्हटलं, दीडशेवर. ते म्हणाले, मग दीडशेवर. औषध त्यांनी कुठून कुठून जमवलं ते त्यांनाच ठाऊक. एका शनिवारी दुपारीच जेवणं उरकली, नखं कापली, मुलींच्या वर्गवार रांगा केल्या, थोरल्या मुलींनी धाकट्यांच्या पाठीला मलम लावलं. कुणाला वेगळं काढलं नाही, कारण वेगळं असं कुणी उरलंच नव्हतं. मुली हसत होत्या. पुढच्या शनिवारी पुन्हा. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी दालनात गेले आणि बराच वेळ दारात उभी राहिले. फक्त पाऊस ऐकू येत होता.

दिवाळीनंतर खरूज परत आली. घरून आली. त्या डॉक्टरांची सेवा संपली होती आणि नवीन आलेल्यांनी नऊ जणींना नऊ चिठ्ठ्या दिल्या.

म्हणून एक शाळा, एक डॉक्टर, एक वर्ष याने भागत नाही. तारखा दोन हव्यात आणि त्या सुट्ट्यांना धरून हव्यात. पहिली शाळा उघडल्यावर आठवड्याच्या आत, किडा पसरण्याआधी. दुसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर, मुली परतल्यावर. मुलीबरोबर घरच्यांपुरतं औषध आणि ते कसं घ्यायचं याचं तोंडी समजावणं गेलं पाहिजे, शक्य तिथे आशाताईंच्या हातून. आमच्या भागातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. भट्टीवरच्या झोपडीत सहा माणसं एका अंथरुणावर असतात. त्यांना गावच्या यादीत शोधून सापडणार नाहीत, भट्टीवरच गाठावं लागेल. हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण पोलिओच्या डोससाठी आपण भट्ट्या गाठल्याच की.

मोजणीशिवाय काही करू नये. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ दहा टक्क्यांहून अधिक प्रमाण असलेल्या वस्तीत सर्वांना औषध देण्याचा विचार करायला सांगतात. आपल्या आश्रमशाळांत किती आहे, ते जुलैअखेरीस एका आठवड्यात मोजून घ्या. मुलींच्या बेचक्या पाहायला महागडं यंत्र लागत नाही, शिकवलेली परिचारिका पुरे. जिथे दहा टक्क्यांच्या आत असेल तिथे मी चूक ठरले याचा मला आनंदच होईल. आणि प्रत्येक अधीक्षक-अधीक्षिकेला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या: बीळ कसं दिसतं, नायटा आणि खरूज यांत फरक काय, पू झाला तर चार दिवस वाट न पाहता डॉक्टरांकडे, आणि फोडांनंतर सकाळी डोळे सुजले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी रुग्णालय. हे शेवटचं वाक्य प्रत्येक दालनाच्या भिंतीवर लिहा. माझ्या वेळी ते नव्हतं.

खाटांचंही बोलायला हवं. एका मुलीला एक खाट, ही काही ऐषाराम मागणारी गोष्ट नाही. दोघी एका खाटेवर आहेत तोवर आपण वर्षातून दोनदा औषध देत राहू आणि मधले महिने किडा आपलं काम करत राहील. तो खर्च आदिवासी विकास विभागाचा, आणि तो कागदावर मंजूर असूनही दालनात पोहोचलेला मी सगळ्याच वर्षी पाहिलेला नाही.

आमच्या तालुक्यात आम्ही पाच निवृत्त अधीक्षिका आहोत. दोन निवृत्त परिचारिका आमच्याबरोबर यायला तयार आहेत. दीडशे मुलींना नीट मलम लावायचं तर थोरल्या मुलींखेरीज दहा मोठी माणसं लागतात, हे मी त्या दोन शनिवारी मोजलेलं आहे. वजनकाटा माझ्याकडे आहे, तो तपासून घेतला आहे. आपण तारीख जाहीर करा. ज्या शाळेत माणसं कमी पडतील तिथे आम्ही दुपारी तीनपर्यंत पोहोचू, म्हणजे नखं कापायला उजेड पुरेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वसतिगृह अधीक्षिका
पालघर जिल्हा